आरमार, मुत्सद्देगिरी आणि श्रद्धा: इतिहासात कोणाची ताकद मोठी ठरली?

मी आंग्र्यांच्या, म्हणजे मराठा आरमार सांभाळणाऱ्या घराण्याच्या, कोकणावरून उत्तर देतो, कारण तिथे या तिन्ही ताकदी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकमेकींना भिडलेल्या दिसतात. माझं मत सरळ आहे: मुत्सद्देगिरी.

ओहोटीला अलिबागहून चालत कुलाबा किल्ल्यात जा आणि तटाला हात लावून बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, जोर मोडतो. मी दरवेळी तिथे थबकतो. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून याच किल्ल्यावर चालून आले. आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं), गलबतं आणि तोफा होत्याच, पण मदतीला साताऱ्याहून शाहू महाराजांचं घोडदळही आलं, बाजीराव स्वतः आले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी परस्पर तह उरकला आणि इंग्रज एकटे पडले.

हे घोडदळ का आलं, ते महत्त्वाचं. आठेक वर्षांपूर्वी कान्होजी शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदेत टाकलं होतं. तेव्हा नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ लोणावळ्याजवळ वळवणला त्यांना भेटले. बाळाजी श्रीवर्धनचे, कोकणातली माणसं ओळखणारे. लढाई न होता पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंकडे आले, सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले. कुलाबा १७२१ मध्ये वाचला, त्याची तयारी मला वाटतं त्या भेटीतच झाली.

श्रद्धेची ताकदही खरी, पण तिला मर्यादा आहेत. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुराम मंदिर उद्ध्वस्त केलं. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी म्हणजे छत्रपती, पेशवे आणि आंग्रे या सगळ्यांचे गुरू. स्वामी घाटावर धावडशीला गेले आणि सिद्दीचं पारिपत्य करा म्हणून एकसारखी पत्रं लिहीत राहिले. १७३३ मध्ये बाजीराव जंजिऱ्यावर उतरले, त्याच मोहिमेत रायगड परत मिळाला. जंजिरा मात्र पडला नाही. कान्होजींचे मुलगे सेखोजी आंग्रे ऐन मोहिमेत वारले आणि पुढे आंग्रे भावाभावांत फूट पडली. गुरूच्या शब्दाखातर फौज समुद्रापर्यंत आली, पण पाण्यातला किल्ला घ्यायला एकदिलाचं आरमार लागतं.

वळवणला जुळलेलं नातं तुटल्यावर काय झालं, ते लिहितानाही वाईट वाटतं. कान्होजींचे मुलगे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजींच्या विजयदुर्गावर चालून आले. ज्या आरमाराला कान्होजींच्या हयातीत इंग्रज हरवू शकले नव्हते, ते तिथल्या बंदरात नांगरलेल्या जागीच जळून गेलं.