तळपायावरचा काळा डाग आणि मोबाईलचा थर्मल कॅमेरा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : आईच्या तळपायावर काळा डाग आहे, गेल्या काही महिन्यांत थोडा पसरलाय, भावाने मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा आणलाय आणि त्यात डाग आजूबाजूच्या कातडीइतकाच दिसतो, गरम नाही, मग कॅन्सर नाही असं धरायचं का? अजिबात धरू नका.

मी डॉक्टर नाही, मेंटेनन्सवाला आहे, विजेच्या पॅनलमधले लूज जॉइंट शोधायला थर्मल कॅमेरा कायम हातात असतो, त्यामुळे आधी यंत्राचं सांगतो. स्वस्तातल्या मॉडेलचा थर्मल सेन्सर ८० बाय ६० पिक्सेलचा असतो. पाऊलभर अंतरावरून फोटो काढलात तर एक पिक्सेल साधारण तीन-साडेतीन मिलीमीटर कातडी बघतो, म्हणजे ५ मिलीमीटरचा डाग एक-दोन पिक्सेलात संपला. मग फोटोत डागाची कड इतकी स्वच्छ कशी दिसते? तर बऱ्याच मॉडेलमध्ये शेजारचा साधा कॅमेरा कडा काढतो आणि ॲप त्या थर्मल चित्रावर चिकटवतं. दिसायला भारी, पण ती कड तापमानाची नसतेच. वर तळपायाचं तापमान म्हणजे मोठा लहरी प्रकार, आई आत्ता फरशीवर अनवाणी चालून आली का, पंख्याखाली बसली होती का, यावर सगळं हलतं.

कल्पना खोटी आहे असं मात्र नाही. वाढणाऱ्या गाठीत पेशी जास्त ऊर्जा वापरतात, रक्तपुरवठाही वाढतो, त्यामुळे ती जरा गरम असू शकते, पण हा फरक बऱ्याचदा अंशाच्या काही भागाइतकाच असतो आणि नुसत्या फोटोत तो हरवतो. म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत सिला हरमन यांच्या टीमने वेगळी वाट धरली : डागावर मिनिटभर थंड हवा मारायची, मग थांबवून पुढची दोन-तीन मिनिटं इन्फ्रारेड, म्हणजे थर्मलच, कॅमेऱ्याने बघत राहायचं की कुठला भाग लवकर परत तापतो. मेलेनोमाचा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) भाग शेजारच्या चांगल्या कातडीपेक्षा लवकर तापतो, ही त्यातली खरी गंमत. पेशंट जरासा हलला तरी चित्र सरकतं, ते परत जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे घरी बर्फ लावून करण्यातलं हे काम नव्हे. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या चार विद्यार्थ्यांनी हेच तत्त्व स्वस्त थर्मिस्टर (तापमान मोजणारे बारीक सेन्सर) वापरून एका छोट्या यंत्रात बसवलं, स्कॅन नाव दिलं, त्याला २०१७ चा जेम्स डायसन पुरस्कारही मिळाला. तेव्हा व्हॉट्सॲपवर जोरात फिरलं होतं ते. पण बक्षीस मिळणं वेगळं आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या टेबलावर रोजचं यंत्र म्हणून येणं वेगळं.

उलटी बाजूही आहे, गळू, चिखल्या, चपलेने घासलेली जागा, हे सगळंच गरम दिसतं. तेव्हा गरम म्हणून घाबरायचं नाही आणि गार म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आता आईचं. आपल्या लोकांत मेलेनोमा कमी दिसतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तळपायावर असला की घरचे कुरूप किंवा भोवरी समजतात, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावत बसतात, त्यात महिने जातात. (कातडीचा कॅन्सर म्हणजे गोऱ्या लोकांचा आजार असं म्हणणाऱ्यांना सांगा, परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधून कंबरेवर काचून काचून होणारा कॅन्सरही आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलाय, त्याला साडी कॅन्सरच म्हणतात.) डाग पसरतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, ६ मिलीमीटरच्या वर गेलाय, यातलं काहीही असेल तर या आठवड्यातच स्किनवाल्यांकडे जा, पसरतोय एवढं एकच कारणही पुरेसं आहे. पार्लर चालवणारे स्किनवाले नकोत, फोन करून डर्माटोस्कोप आहे का विचारा. हातात धरायचं भिंग असतं, साधारण दहापट मोठं दिसतं, आणि तळपायाच्या बारीक रेघांमध्ये काळा रंग उंचवट्यावर बसलाय की खाचेत एवढं त्यात दिसतं. खाचेत असेल तर बहुतेक वेळा साधा तीळ, उंचवट्यावर असेल तर संशय. तुमच्या थर्मल कॅमेऱ्यापेक्षा हे कितीतरी कामाचं.

बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, सांगितली तर घरातलं कोणीतरी म्हणणारच की सुई लागली की कॅन्सर पसरतो. त्यांचं ऐकू नका, तसं होत नाही. डाग लहान असेल तर शक्यतो अख्खाच काढून तपासायला देतात. तोपर्यंत जाळून घेणं, लेझर, पायाच्या डागावर मिळणारी ती ॲसिडची औषधं, काही करू नका, कारण जळलेल्या तुकड्यात तपासायला काही उरत नाही. रिपोर्टमध्ये मेलेनोमा आलाच तर जाडी किती मिलीमीटर लिहिलीय ते आधी विचारा, १ च्या आत असेल तर बहुतेकदा ऑपरेशनवर भागतं, पुढची सगळी ट्रीटमेंट त्या आकड्यावरच बरीचशी ठरते.