तानपुरा आणि टाचणवही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. गायनात मध्यमा परीक्षा पूर्ण झाली. तिला माध्यमिक शाळेत शिकवायचे आहे. संगीत आणि बी.एड. एकत्र, चार वर्षांत होते असे ऐकले. खरे आहे का? (एक पालक, अंबाजोगाई)

उत्तर : अर्धे खरे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार बारावीनंतरचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आहे, त्यालाच आयटेप म्हणतात. चार वर्षे, आठ सत्रे, आणि शेवटी बी.ए. बी.एड. अशी एकच पदवी. प्रवेश एनसीईटी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो आणि ती मराठीतूनही देता येते. एक वर्ष वाचते, हा फायदा मोठा आहे. पण बी.ए.कडे संगीत हा मुख्य विषय असेलच असे नाही. कला शाखा म्हणजे संगीत असणारच, असे धरून चालू नका. ज्या संस्थेचा पसंतीक्रम भरणार तिची विषययादी आधी हातात घ्या.

संगीत नसेल तर दुसरी वाट धरावी : तीन वर्षांची बी.ए. आणि मग दोन वर्षांचे बी.एड. मराठवाड्यातले लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे येतात, बाकीचे चार छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, म्हणून तुमचे महाविद्यालय दुसऱ्यात.

या वाटेवर मुले चुकतात ती पहिल्याच वर्षी, विषय निवडताना. बी.एड.ला शालेय विषयाची अध्यापन पद्धती घ्यावी लागते आणि ती बहुधा पदवीच्या विषयावरून ठरते. निव्वळ संगीताची पदवी घेतलेल्या मुलीला इथे अडते. म्हणून संगीताच्या जोडीला मराठी, हिंदी, इतिहास किंवा भूगोल ठेवाच. मेजर-मायनरच्या (मुख्य आणि दुय्यम विषयांच्या) नव्या रचनेत मायनरवर ती पद्धती मिळेल का, हे बी.एड. महाविद्यालयात आत्ताच विचारा. दुसरे कारण पोटाचे आहे. शाळांच्या जाहिराती मराठी, गणित, विज्ञान अशा विषयांच्या निघतात, संगीताची जागा क्वचितच. संगीत शिकवणारी मराठीची शिक्षिका शाळेला हवी असते, निव्वळ संगीताची परवडत नाही.

बी.एड. प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी 45 टक्के हवेत. बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, 100 प्रश्नांची, 90 मिनिटांची असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

प्रश्न : विशारद झालो, पदवी नाही. बी.एड. करता येईल का? (परभणी)

उत्तर : नाही. विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे. शिकवण्या चालत असतील तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा आणि मग सीईटी द्या. तोवर नवोदय विद्यालयांच्या संगीत शिक्षकपदाच्या जाहिरातींवर नजर ठेवा. तिथे विशारदला किंमत असते, पण बाकीच्या अटी ओळ न ओळ वाचून घ्या.

प्रश्न : बी.एड.ला आल्यापासून रियाझ सुटला आणि घसा बसतो. (नांदेड)

उत्तर : आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, एकूण 20 आठवड्यांची, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. खरा कस त्या 16 आठवड्यांत लागतो. चार तास गोंगाटावर आवाज चढवायचा आणि संध्याकाळी ताना घ्यायच्या, हे गळ्याला झेपत नाही. रियाझ पहाटेच उरका : वीस मिनिटे खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर), वीस मिनिटे संथ अलंकार (स्वरांचे पलटे). संध्याकाळी ऐकणे आणि शास्त्र. वर्ग शांत करायला ओरडू नका. टाळीचा एक बोल ठरवा, मुलांनी तो टाळीनेच परतवायचा. फळ्यासमोर खडूच्या धुळीत बोलत राहू नये, आधी लिहा, मग वळून बोला. घसा तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, काढ्यावर भागवू नका. आणखी एक : गांधर्व मंडळाच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षा अनेकदा एकाच महिन्यात येतात. त्या 16 आठवड्यांच्या सत्रात मंडळाच्या अलंकार परीक्षेचा अर्ज भरूच नका.

प्रश्न : नववी-दहावीसाठी टीईटी लागते का? (लातूर)

उत्तर : नाही. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीसाठी आहे. तरी सहावी ते आठवीचा दुसरा पेपर देऊन ठेवा, 150 पैकी 90 गुण खुल्या प्रवर्गाला लागतात. पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलसाठी टेट (अभियोग्यता चाचणी) ही 200 गुणांची परीक्षा वेगळी. नावे सारखी वाटतात, अर्ज भरताना गल्लत करू नका.

प्रश्न : आठवीचा सराव पाठ, साठ मुले, एक पेटी. सगळी बेसूर गातात. (एक विद्यार्थिनी, जालना)

उत्तर : बहुतेक दोष पट्टीचा, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला सा धरतो त्याचा, असतो. तुमची पट्टी काळी 4 किंवा काळी 5 असेल, त्यात मुलांना खालचे स्वर लागतच नाहीत, मग ती पुटपुटतात. गाणे सा ते तार सा एवढेच असेल तर मधल्या सप्तकातल्या पांढरी 1 किंवा पांढरी 2 चा सा धरा. मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर पांढरी 4, पण मग ते वर तार सापर्यंतच जाणारे निवडा.

राग भूपच घ्या. मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे लगतच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच येत नाही आणि समूह सांभाळला जातो. यमनचा तीव्र मध्यम साठ गळ्यांत हमखास घसरतो. ताल आठ मात्रांचा भजनी ठेका. कीर्तनात तो कानी पडलेला असतो. तीनतालात खाली (टाळी न देण्याची जागा) नवव्या मात्रेला, तिथे नवशिकी मुले टाळी देऊन मोकळी होतात.

पंधरा-पंधराचे चार गट करा. एक गाईल, एक सरगम म्हणेल, एक टाळी देईल, एक ऐकेल. दर पाच मिनिटांनी कामे बदला. बेसूर मुलाला मागे ढकलू नका, सुरात गाणाऱ्या दोघांच्या मधे बसवा. पस्तीस मिनिटांत धृपद आणि एक अंतरा, एवढाच पाठ टाचणवहीत लिहा. तीन अंतरे लिहून ठेवणारीची घंटा पहिल्यातच वाजते.

आठवीत कित्येक मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना पाच-सहा स्वरच नीट लागतात. ‘गाऊ नको’ म्हटलेला मुलगा नंतर तोंडच उघडत नाही. त्याला खालच्या सप्तकात धृपद म्हणू द्या, नाही जमले तर ठेका सोपवा. हरिनाम सप्ताहात पखवाज वाजवणारे एखादे पोर वर्गात सापडतेच, त्याला पुढे घ्या.