सही करून ठेवून दिलेला पेपर

ऐरोलीच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला कळलं ते असं: मुलगा पाचवीत, सेमी इंग्रजीला, चौथीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत. यंदा घटक चाचणीत गणितात वीसपैकी तेरा पडले तर पेपर दप्तराच्या तळाशी दडवला. आता स्कॉलरशिपच्या पुस्तकात जरा वेगळं गणित दिसलं की ‘मला नाही येत’ म्हणून वही मिटतो. तुम्ही विचारताय की खारघरला मुलांची ‘मानसिकता घडवणारी’ दोन दिवसांची कार्यशाळा आहे तिथे पाठवू का, आणि स्कॉलरशिप सोडून देऊ का.

कार्यशाळेला पाठवू नका. ‘चुकांतून शिका’ हे वाक्य त्याच्या शाळेच्या जिन्यातही रंगवलेलं असेल, पोरांना ते पाठ असतं. चुकल्यावर प्रत्यक्षात काय होतं हेही त्यांना पाठ असतं: लाल फुली, कमी मार्क, आईचा उतरलेला चेहरा, सही, संपलं. त्या फुलीतून कुणी काही शोधून काढलंय असं त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मग त्यांनी चुकायला घाबरू नये तरी का? मी नेरूळला बरीच वर्षं गणित शिकवलं, अजूनही घरी थोडी मुलं येतात. माझा अनुभव असा की ही भीती समजावून जात नाही. चूक नेमकी कुठे झाली ते सापडलं आणि ती दुरुस्त करायची आणखी एक संधी मिळाली, की तिची धार आपोआप कमी होते. म्हणून आधी तो तेरा मार्कांचा पेपर बाहेर काढा.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, पाचवीचं वर्ष मुळातच नाजूक असतं. बऱ्याच शाळांत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीला पेन. पेन्सिलीने केलेली चूक खोडरबराने नाहीशी होते, पेनाची तशीच दिसत राहते. ज्या मुलाची वही आजवर स्वच्छ म्हणून वर्गात दाखवली गेली, त्याला ही खाडाखोड फार लागते. त्यात २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाही झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही नाही जमली तर तोच वर्ग पुन्हा. तुमच्या मुलाला याची काळजी करायचं काहीच कारण नाही, पण वर्गात हा विषय निघत असणारच आणि पोरं ऐकत असणारच.

आता पेपर. समजा वजाबाकी आहे, ५०३ मधून २६८. उत्तर २३५. एका मुलाने ३६५ लिहिलं, दुसऱ्याने ३३५. दोघांनाही फुली, दोघांचाही एक मार्क गेला. पण पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. त्याला हातचा हा प्रकारच उमगलेला नाही, पण ५७८ मधून २४३ तो बिनचूक करील आणि बाईंना वाटेल, याला येतं की! दुसऱ्याला हातचा येतो. मध्ये शून्य आलं तिथे तो गडबडला: शून्याचे नऊ केले, पण त्यासाठी शतकाच्या घरातून एक काढून घ्यायचा तो राहिला. पहिल्याला दशकाच्या काड्या सोडून दाखवाव्या लागतील. दुसऱ्याला पाच मिनिटं पुरतील. दोघांना ‘लक्ष देऊन करत जा’ म्हणून काय होणार? मुलांच्या वजाबाकीच्या चुका अशा ठरावीक, मागे एक नियम असलेल्या असतात, हे ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्येच तपशीलवार मांडलं होतं. आपल्या खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथेही विज्ञान-गणितातल्या मुलांच्या चुकीच्या कल्पनांचा असाच अभ्यास होत आला आहे.

माझ्याकडच्या एका मुलाची चूक तर मी अजून नव्या पालकांना दाखवते. दशांश अपूर्णांकांची बेरीज होती, ३.४ अधिक ०.३. त्याने ४.१ लिहिलं. पुढचं २.५ अधिक ०.२, उत्तर ३.१. सगळ्या फुल्या. वडील म्हणाले, डोकं ठिकाणावर नसतं त्याचं. मी त्याला फक्त ‘कसं केलंस ते सांग’ म्हटलं. तो म्हणाला, तीन ओव्हर चार बॉल, त्यात तीन बॉल मिळवले, चार ओव्हर एक बॉल. पोरगा राहतो डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आसपास, संध्याकाळभर मैदानात. त्याने आयुष्यात पाहिलेले दशांश म्हणजे स्कोअरबोर्डावरची षटकं, आणि तिथे पॉइंट पाचनंतर पुढचा पूर्णांकच येतो! त्याचं गणित चोख होतं, सहाच्या हिशेबाने. दहाच्या हिशेबाने करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो उलगडा झाल्यावर त्याने स्वतःच मागची पानं काढून, अजून कुठे कुठे ओव्हरी घातल्यात ते शोधायला घेतलं. तोवर तो गणिताची वही उघडायलाही कुरकुर करायचा.

तर शनिवारी निवांत बसा. फोन बाजूला. ‘कुठे चुकलास?’ असं विचारू नका, ‘हे कसं केलंस?’ विचारा. आणि हे महत्त्वाचं, बरोबर आलेल्या गणितांबद्दलही तेच विचारा. नाहीतर दोन दिवसांत त्याच्या ध्यानात येईल की आई विचारते म्हणजे उत्तर चूक, आणि तुम्ही तोंड उघडताच तो खोडायला लागेल. बरोबर उत्तरामागची पद्धत कधीकधी अगदीच चुकीची निघते, तेही कळेल. त्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही. बरीच मुलं सांगता सांगताच थांबतात आणि ‘अरे, हे असं नाही’ म्हणतात.

‘सिली मिस्टेक’ म्हणून विषय बंद करू नका, एवढी विनंती. सात मार्क गेले त्यात दोन प्रश्न नीट वाचले नाहीत म्हणून असतील, एक पाढा चुकला असेल, आणि उरलेले चार एकाच न समजलेल्या गोष्टीचे असतील. मुलाला ‘माझं सात ठिकाणी चुकलं’ वाटत असतं. प्रत्यक्षात तीनच गोष्टी निघाल्या की त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. मग त्याच धर्तीचं, आकडे बदललेलं एक गणित तीन-चार दिवसांनी द्या, आणि पुन्हा पंधरवड्याने. त्याच संध्याकाळी दहा गणितं घोटून घेऊ नका. त्या दिवशी ती येतातच, आणि पुढच्या चाचणीत विसरलेली असतात.

अजून एक खेळ करून पाहा. घरी सराव करताना प्रत्येक उत्तराशेजारी त्याने पेन्सिलीने ‘ख’ किंवा ‘अं’ लिहायचं, खात्री की अंदाज. मग उत्तरं ताडून पाहायची. ‘ख’ लिहून चुकलेलं उत्तर सापडलं की ते सोनं समजा. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की ठाम खात्रीने दिलेलं उत्तर चूक निघालं आणि लगेच बरोबर उत्तर सांगितलं, तर ती दुरुस्ती अंदाजाने चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त पक्की बसते. माणूस दचकतो, म्हणून लक्षात ठेवतो. मुलांना हा शोधाशोधीचा भाग आवडतो, आणि ‘अं’ लिहायची मुभा असल्यामुळे कोरी सोडलेली गणितंही कमी होतात.

पेपर दडवला याचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, म्हणून सांगते. कोलंबिया विद्यापीठातल्या क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ मधले प्रयोग प्रसिद्ध आहेत, मुलंही तुमच्या मुलाच्याच वयाची, पाचवीतली. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, मग पुन्हा पहिल्यासारखी. हुशार म्हटलेली मुलं तिसऱ्या वेळी आधीपेक्षा कमी पडली, आणि पुढे कोणती कोडी हवीत विचारल्यावर त्यांचा कल सोप्याकडे होता. आणि दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले मार्क लिहून कळवायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यातल्या दहांतल्या जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्यांना ती कधी भेटणारही नव्हती, त्यांना! चौथीपर्यंत ‘हुशार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाने तेरा मार्क दडवणं हा खोटेपणाचा रोग नव्हे. ती ओळख जाईल म्हणून त्याने ते मार्क झाकले.

पण म्हणून उठता-बसता ‘छान मेहनत केलीस’ म्हणायला लागू नका. पाचवीच्या मुलाला उगाच केलेलं कौतुक बरोबर कळतं, आणि पद्धतच चुकीची असेल तर नुसत्या मेहनतीचं कौतुक करून ती चूक घट्ट होते. जे दिसलं ते बोला: ‘पहिल्यांदा शून्याचे नऊ केलेस ते शतकातून न घेताच, या वेळी घेतलेस.’ बस. आणि आजीला यातलं काही शिकवायला जाऊ नका. आजीने ‘माझा राजा हुशार’ म्हणावं, ते तिचं कामच आहे.

बुद्धी प्रयत्नाने वाढते असं मुलाने मानावं, या ड्वेक यांच्या ‘मानसिकते’च्या कल्पनेचा पुढे फारच गाजावाजा झाला, म्हणून एक आकडा देते. २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. याच कल्पनेवरचा तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन धडा, आणि कच्च्या मुलांच्या ग्रेडमध्ये सुमारे चारच्या मोजपट्टीवर साधारण ०.१ ची वाढ. फुकटच्या धड्यासाठी वाईट नाही, पण चमत्कारही नाही. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: ज्या शाळांत आजूबाजूची मुलंच अवघड काम हातात घेत होती, तिथे हा परिणाम टिकला. म्हणजे घरात आणि वर्गात काय चालतं यावर सगळं आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तुमच्याला किती?’ चालू झालं की निदान मुलासमोर तो उघडू नका.

थोरामोठ्यांच्या अपयशाच्या गोष्टींचाही मला फारसा भरवसा नाही. २०२५ चा महिला विश्वचषक आपण नेरूळलाच जिंकला, त्याआधी साखळीत लागोपाठ तीन सामने हरलो होतो. माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला घरून ही गोष्ट ऐकवली गेली होती. मुलं माना डोलावतात, कारण कप मिळाल्याचं त्यांना आधीच माहीत असतं. स्वतःचा सोमवारचा पेपर कसा जाणार हे कुठे माहीत असतं?

अवघड किती द्यायचं, हे मात्र जपून. दहातली सात-आठ हातखंडा, दोन ताणायला लावणारी, एवढंच. ताणणाऱ्या गणिताला दहा-पंधरा मिनिटं झटू द्या, नंतरही पहिली पायरीच दिसत नसेल तर तुम्ही एक तसंच गणित पायरीपायरीने सोडवून दाखवा, मग त्याला द्या. ‘तुझं तूच शोध’ म्हणून नवशिक्याला तासभर झुंजवत ठेवण्यात काही शहाणपण नाही, तो फक्त आपल्याला येत नाही हे शिकतो. कच्चं काम पेनाने करू दे, चुकलं तर एक आडवी रेघ, व्हाइटनर नाही. खोडलेली पायरी नंतर तुम्हालाही वाचता येत नाही.

शाळेत ओपन हाउसला जाल तेव्हा मार्क बाजूला ठेवून बाईंना दोनच गोष्टी विचारा: तो कुठल्या प्रकारच्या गणिताला अडतो, आणि वर्गात शंका विचारतो का. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक चुकीचा माग काढणं त्यांना शक्य नसतं, पण तुम्ही नेमकं विचारलंत तर त्या नेमकं सांगतात. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीही एकदा नीट वाचा, आपण त्या गाळून थेट श्रेणी बघतो.

एक अपवाद. अंक उलटसुलट लिहिणं, फळ्यावरचं उतरवताना सतत गाळणं, वाचताना ओळ सुटणं, असं सगळ्या विषयांत आणि बऱ्याच काळापासून दिसत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. मग घरी प्रयोग करत वेळ घालवू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते, तिथे नंबर लागायला वेळ जाऊ शकतो, म्हणून लवकर चौकशी करा. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर परीक्षा सोडू नका, क्लास सोडा. तिथे तासाला चाळीस प्रश्न आणि लगेच रँक लावतात असं तुम्हीच लिहिलंय, नेमकं तेच त्याला आत्ता नकोय. घरी बुद्धिमत्ता चाचणीची रोज पाच-सहा कोडी, तुम्ही आणि तो वेगवेगळ्या कागदावर, दोघांनी ‘ख’ आणि ‘अं’ लिहून. आकृत्यांच्या प्रश्नांत तो तुम्हाला सहज हरवील. आणि तेरा मार्कांच्या त्या पेपरातली चुकलेली गणितं इथे टाका, नाव झाकून, पण त्याच्या सगळ्या पायऱ्यांसकट. नुसतं उत्तर टाकलंत तर मला काही सांगता येणार नाही.