तोंडात ब्रश धरायला शिकताना

मानेखाली हालचाल नसताना चित्रं काढायची, तर आधी ब्रशचं बघ. दुकानातला ब्रश आखूड पडतो. नाक कागदाला टेकतं आणि काय काढतोय तेच दिसत नाही. त्याला हलकी बांबूची काडी बांधून घे, तोंडातल्या टोकाला मऊ रबरी नळी चढव. पुढच्या दातांनी चावू नकोस, दाढांत धर. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास थेट नाकात जातो, म्हणून पाण्यात कालवायचं अ‍ॅक्रिलिकच बरं.

सुरुवातीला १५ मिनिटं पुरे. मान भरून येते, आणि रंगात रमलं की खुर्चीत वजन बदलायचं राहून जातं. बेडसोअर (एकाच जागी दाब राहून पडणारी जखम) झाला तर ब्रश किती दिवस बाजूला पडेल, विचारू नकोस! घरच्यांना गजर लावायला सांग.

मन हलकं होतं का? आधी चिडचिडच होते, खरं सांगतो. पण संध्याकाळी 'आज काय केलंस?' याला उत्तर असतं, आणि मला ते फार मोठं वाटतं.

हात बसला (म्हणजे तोंड!) की तोंडाने-पायाने चित्रं काढणाऱ्यांच्या संस्थेकडे नमुने पाठव. पोलिओ झालेल्या एरिक स्टेगमन यांनी ती १९५६ साली उभी केली. दया नको, कमाई हवी, हा तिचा बाणा. होतकरूंना शिष्यवृत्तीही मिळते. नमुन्यांचे फोटो मात्र खिडकीच्या उजेडात काढ, फ्लॅश नको.