लसीच्या फ्रीजसमोर उभं राहून लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लसीच्या फ्रीजसाठी तू पाठवलेली कार्यपद्धती काल रात्री दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण पहिल्याच वाक्यापाशी अडलो: ‘आयएलआरचे तापमान वेळोवेळी तपासून योग्य प्रकारे राखावे.’ आयएलआर म्हणजे आपला लसीचा फ्रीज, ते ठीक. पण वेळोवेळी म्हणजे किती वाजता? योग्य म्हणजे किती अंश? आणि तपासायचं कोणी? तुला सगळं ठाऊक आहे म्हणून तुला हे वाक्य पुरतं. उद्या तू प्रशिक्षणाला गेलीस आणि फ्रीज परिचर मावशींच्या हाती आला, तर त्यांनी काय करायचं?

तिथे असं लिही: ‘रोज सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ वाजता थर्मामीटर बघायचा. दिसेल तो आकडा नोंदवहीत लिहून सही करायची. आकडा २ ते ८ अंशांच्या बाहेर असेल तर खालच्या चौकटीप्रमाणे करायचं. रविवारी आणि सुटीच्या दिवशी हे काम ज्याची ड्युटी असेल त्याचं.’

रविवारवर माझा एवढा जोर का, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सोमवारी सकाळी मी फ्रीज उघडला, तर काटा शून्याच्या खाली. पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे बाळांच्या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या, कुप्या गोठलेल्या. नोंदवहीत मात्र शनिवार, रविवार, दोन्ही वेळा ४ अंश, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. नोंदी करणाऱ्या मुलावर मी खूप चिडलो. मग भिंतीवरचा कागद वाचला. त्यात रविवारचा उल्लेखच नव्हता, आणि तो कागद मीच लिहिला होता. कुप्या वेळीच सापडल्या म्हणून बाद करता आल्या. ही लस एकदा गोठली की वितळल्यावरही कामाची राहत नाही, आणि कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, फक्त उष्णतेचं सांगतो, गोठल्याचं नाही. कुणाच्या नजरेला आल्या नसत्या, तर बाळांना टोचून झाल्या असत्या आणि आयांना वाटलं असतं, आपलं लेकरू सुरक्षित आहे.

दुसरं. ‘आइसपॅक कंडिशन करून कॅरिअरमध्ये ठेवावेत’ हे वाक्य तू टेबलाशी बसून लिहिलंयस, हे लगेच कळतं. कंडिशन करणं म्हणजे बर्फाचे पॅक थोडे वितळू देणं, आणि कॅरिअर म्हणजे लस न्यायची पेटी, हे नव्या माणसाला कसं कळणार? लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या शेजारी जाऊन उभी राहा. त्या डीप फ्रीझरमधून पॅक काढतात, टेबलावर सुटे सुटे मांडतात. थोड्या वेळाने त्यांच्यावर पाण्याचे थेंब धरतात. मग एक पॅक उचलून कानाशी नेतात आणि हलवतात. आत पाणी खळखळलं की मगच चार पॅक कॅरिअरच्या चार बाजूंना जातात. तुझ्या कागदात ही खळखळ यायला हवी. मिनिटं लिहू नकोस. मे महिन्यात लागणारा वेळ आणि डिसेंबरात लागणारा वेळ एक नाही. उलट एमआरची (गोवर-रुबेला लसीची) कुपी डायल्युएंट, म्हणजे लस विरघळवायचा द्रव, घालून तयार केली की तिथे घड्याळच हवं: वेळ कुपीवर लिहायची, ४ तासांनंतर वापरायची नाही, उरली तरी.

काम बिघडलं तर काय, हा भाग तू एका ओळीत उरकलास. मी असतो तर निम्मा कागद त्यालाच दिला असता. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. कोल्ड बॉक्स, म्हणजे लस थंड ठेवायची मोठी पेटी, कुठल्या खोलीत, कुठल्या फळीवर आहे. आकडा २ च्या खाली किंवा ८ च्या वर दिसला तर पहिला फोन कोणाला, तो नाही उचलला तर दुसरा कोणाला. तिथे नाव नको, पद लिही आणि नंबर पेन्सिलीने लिही, बदल्या होत असतात. त्या घाबरलेल्या क्षणी माणूस परिच्छेद वाचत नाही, म्हणून हे मोठ्या अक्षरात, चौकटीत टाक.

कागदावर तारीख घाल, आणि नवा लावताना जुना भिंतीवरून काढून टाक.

मसुदा झाला की ज्याने हे काम कधीच केलं नाही अशा कुणाला तरी दे आणि तू गप्प उभी राहा. फार कठीण जातं ते, तोंडून ‘अहो, तसं नाही’ निघतंच. पण जिथे तो माणूस कागद सोडून तुझ्या तोंडाकडे बघेल, तिथे एक वाक्य कमी आहे. लगेच खूण करून ठेव. मावशींना विचारशील तर उत्तम, त्यांना मराठी चांगलं वाचता येतं आणि त्या भीड न ठेवता सांगतील.

येत्या सत्रानंतर दुसरा मसुदा पाठव. खुणा केलेला कागदही सोबत जोड, मला तो आधी बघायचाय.

तुझे,
सर