फौज जिंकते, मग बांधाचं भांडण कोण सोडवतं?

प्रश्न: सर, मी परभणीची, सध्या संभाजीनगरला एमपीएससीची तयारी करते. आफ्रिकेतल्या माली, सोमालियात एवढी फौज, मालीत तर २०२३पर्यंत युनोची शांतिसेनाही होती, तरी अतिरेकी हटत का नाहीत? क्लासमध्ये गरिबी हे कारण सांगतात, पण गरिबी तर आपल्याकडंही हाये की.

उत्तर: ताई, बरोबर पकडलंत. नुसत्या गरिबीनं माणूस बंदूक उचलत असता तर अर्धा मराठवाडा जंगलात दिसला असता. मालीत २०१२ला अतिरेक्यांनी टिंबक्टू, गाओ घेतलं, जानेवारी २०१३ला फ्रान्सचं सैन्य उतरलं, काही आठवड्यांत शहरं परत मिळाली, सगळ्यांना वाटलं झालं काम. पण पुढं हे लोण मध्य मालीच्या खेड्यापाड्यात पोचलं. तिथं नायजर नदीचा पूर ओसरला की बोर्गू नावाचं गवत वर येतं, तिथं ढोरं चारायची तर कुरणाच्या वतनदारांना पैसे मोजायचे, ते दर वाढत चालले होते आणि सरकारी माणूस कुणाच्या खिशात आहे हे गुराख्यांना पाठ होतं. अमादू कूफा या तिथल्या अतिरेकी म्होरक्याच्या माणसांनी येऊन ते दर खाली आणले. आता गुराखी काय पोथी उघडून ठरवणार होता का कुणाच्या बाजूनं जायचं ते?

सोमालियातही तेच. अल-शबाब ही तिथली अतिरेकी संघटना बॉम्ब फोडते, खंडणी उकळते, सगळं खरं, तरी राजधानी मोगादिशूत सरकारच्या हद्दीत राहणारे लोकसुद्धा जमिनीच्या वादासाठी त्यांच्या कोर्टात जातात, कारण निकाल लवकर लागतो आणि लागला की पाळावाच लागतो (न पाळणाऱ्याचं काय होतं ते विचारू नका). फेरफारासाठी तलाठ्याकडं चकरा मारलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

वरून फौजच चुकली तर संपलंच. मार्च २०२२ला मौरा गावात मालीच्या सैन्यानं परदेशी भाडोत्री सैनिकांसोबत कारवाई केली, त्यात किमान ५०० माणसं मारली गेली असं युनोच्या मानवाधिकार कार्यालयाचं म्हणणं. यूएनडीपी या युनोच्या विकास संस्थेनं २०१७ला आफ्रिकेतल्या अशा संघटनांत गेलेल्यांशी बोलून रिपोर्ट काढला, त्यात ७१ टक्क्यांनी सांगितलं की घरच्याला किंवा मित्राला सरकारनं मारलं, उचललं, अशाच कुठल्यातरी कारवाईनंतर आम्ही तिकडं गेलो. मेन्सला हा आकडा लिहाच.

आणि लांब कशाला जायचं, १९४८ची हैदराबाद संस्थानातली पोलीस ॲक्शन पाच दिवसांत उरकली, रझाकार संपले, पण तेलंगणातला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा १९५१पर्यंत चालूच होता, दरम्यान १९४९ला जहागिऱ्या गेल्या, १९५०ला कूळ कायदा आला. अंमल किती झाला यावर प्रत्येक घरात वेगळी कहाणी ऐकाल, पण कुळाला दाद मागायला जागा तरी झाली.

प्रश्न: शरण आलेल्या नक्षलवाद्याला सरकार पैसे नि ट्रेनिंग देतं, ज्याचं घर जाळलं त्याला काय? — एक निवृत्त शिक्षक, किनवट

उत्तर: गुरुजी, राग रास्त आहे. गडचिरोलीत २००५पासून आत्मसमर्पण योजना आहे, नायजेरियानं २०१६ला बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या लोकांसाठी तसंच काहीतरी सुरू केलं, त्यात शिवणकाम, सुतारकाम वगैरे शिकवतात. योजना बंद करा असं मी म्हणणार नाही, परतीची वाट बंद झाली की आतला माणूस शेवटपर्यंत लढतो. पण जळालेल्या घराचा पंचनामा आणि भरपाई आधी व्हावी, नि माणूस परत पाठवण्याआधी गावाला विचारावं, नाहीतर गाव त्याला दारात उभं करणार नाही.