केपटाउनहून गेनाडेन्डाल

प्रश्न : केपटाउनमध्ये एक दिवस मोकळा आहे. गेनाडेन्डाल हे जुनं मिशनरी गाव पाहून होईल का? रविवारी चालेल?

उत्तर : होईल, पण रविवार टाळा, त्या दिवशी गाव चर्चमध्ये असतं, संग्रहालय बंद. अंतर साधारण १४० किलोमीटर. एन-२ महामार्गाने निघा, कॅलेडन गावाच्या अलीकडे डावीकडे आर-४०६ रस्ता धरा. इथली वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे गाडी चालवणं जड जात नाही. १७३८मध्ये गेओर्ग श्मिट या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनऱ्याने इथल्या मूळच्या खोइखोई लोकांसाठी हे मिशनचं ठाणं उभारलं. त्याने खोइखोईंना बाप्तिस्मे दिल्यावरून डच चर्चशी वाद पेटला आणि १७४४मध्ये त्याला परतावं लागलं. १७९२मध्ये नवे मिशनरी आले, तेव्हा श्मिटने दिलेला बायबलचा डच ‘नवा करार’ त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्या वृद्ध लेनाने मेंढीच्या कातड्यात जपलेला निघाला! चर्च-चौकातलं, श्मिटची आठवण सांगणारं पेअरचं झाड चुकवू नका.